कॉलर्पा एकपेशीय कसा? आणि पुस्तकातला शैवालांचा क्रम उत्क्रांतीचा आहे का?

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने दोन प्रश्न विचारले आहेत. पुस्तकात शैवालांच्या थॅलसचे, म्हणजे खरं खोड-पान-मूळ नसलेल्या शरीराचे, प्रकार एकपेशीय, वसाहत, तंतुमय, नलिकामय, पानासारखे पसरट आणि शेवटी समुद्रातले मोठे अशा क्रमाने दिलेत. हा साध्यापासून प्रगतापर्यंतचा उत्क्रांतीचा क्रम समजायचा का? आणि खोड, पानं, मुळं असल्यासारख्या दिसणाऱ्या, फूटभर सहज पसरणाऱ्या कॉलर्पा या समुद्री शैवालाला एकपेशीय का म्हणतात?

पहिल्याचं उत्तर "नाही". तो क्रम शिकवायच्या सोयीचा आहे, वंशावळीचा नाही. दुसऱ्याचं उत्तर सविस्तर द्यावं लागेल, कारण ते कळलं की पहिलं बरंचसं आपोआप सुटतं. म्हणून कॉलर्पापासून सुरुवात करतो.

मी तीसेक वर्षं शैवालं शिकवली. दर हिवाळ्यात मुलांना घेऊन रत्नागिरी-मालवणच्या कातळांवर जायचं, पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाची मोठी ओहोटी गाठायची आणि पाणी मागे हटलं की डबक्यांत वाकून शोधायचं, हा शिरस्ता. कॉलर्पा तिथे वाळू साचलेल्या खोलगट जागी सापडतो. वाळूवरून रांगत गेलेली काडी, तिच्यावर उभी राहिलेली हिरवीगार पिसं, खाली बारीक मुळ्यांचे झुपके. मुलांना वाटायचं हे शैवाल नव्हेच, एखादं नेचं असावं. प्रयोगशाळेत परत आलो की मी काही न सांगता त्यांना छेद घ्यायला लावायचो. गाजराच्या फोडीत काडी धरायची आणि ब्लेडने काप काढायचे. पातं लागताच हिरवं पाणी बाहेर येतं. काप सूक्ष्मदर्शकाखाली गेला की जो तो झाडाच्या खोडात असतात तसे थर, म्हणजे एपिडर्मिस, कॉर्टेक्स, वाहिन्या शोधू लागतो, आणि त्यातलं काहीच मिळत नाही. बाहेर एक जाड भिंत, तिला आतून लागून हिरवा थर, मध्ये मोठी पोकळी, आणि त्या पोकळीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेल्या आडव्यातिडव्या बारीक तुळया. या तुळयांना ट्रॅबेक्युले म्हणतात. त्या आधार देतात, पण खोल्या पाडत नाहीत. एका पेशीला दुसरीपासून तोडणारी भिंत कुठेच नाही.

असं का होतं? आपल्या ओळखीच्या पेशीत केंद्रक दुभागलं की पाठोपाठ मधोमध भिंत उभी राहते आणि एकाच्या दोन पेशी होतात. कॉलर्पात केंद्रकं दुभागत राहतात, भिंत मात्र उभी राहत नाही. त्यामुळे हजारो केंद्रकं आणि असंख्य हरितलवकं एकाच अखंड पेशीद्रवात असतात आणि तो पेशीद्रव काडीतून पिसात, पिसातून मुळ्यांत वाहता राहतो. मग पिसाच्या जागी पीसच का येतं आणि मुळीच्या जागी मुळी कशी? 2015 मध्ये कॉलर्पा टॅक्सिफोलियावर झालेल्या अभ्यासात दिसलं, की याच एका पेशीच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे आरएनए, म्हणजे जनुकांचे निरोप नेणारे रेणू, साचलेले असतात. भिंती नसतानाही कामाची वाटणी झालेली असते. मला स्वतःला या वनस्पतीची ही गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

अशा रचनेत एक मोठा धोका आहे. कुठेही छेद गेला तर सगळा ऐवज वाहून जाऊ शकतो. म्हणून जखम होताच आतली द्रव्यं तिथे गोळा होऊन घट्ट बूच तयार होतं आणि त्याच्या आड पुढे नवी भिंत बांधली जाते. तुटलेला तुकडा मरत नाही, त्याला नव्या मुळ्या फुटतात. 1984 मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाजवळ समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा छोटासा पट्टा आढळला आणि पुढच्या काही वर्षांत भूमध्य समुद्राच्या तळाचे मोठाले भाग त्याने व्यापले. तिथल्या पसाऱ्याला बोटींच्या नांगरांना आणि मासेमारीच्या जाळ्यांना अडकून गेलेले तुकडे पुरले. पुनरुत्पादनाच्या वेळीही हा सगळं एकदम पणाला लावतो. थॅलसातला जवळपास सारा पेशीद्रव युग्मकांत बदलतो, ती पाण्यात सुटतात आणि मागे पांढरं पडलेलं रिकामं कवच उरतं.

आता "एकपेशीय" या शब्दाविषयी. तो चुकीचा नाही, पण क्लॅमिडोमोनास हे सुट्या सूक्ष्म पेशीचं शैवाल आणि कॉलर्पा यांना एकच शब्द लावला की डोळ्यासमोर काहीच नीट उभं राहत नाही. परीक्षेत "सिनोसायटिक", म्हणजे आडव्या भिंती नसलेला बहुकेंद्रकी थॅलस, असं लिहा. शेजारी ॲसिटाब्युलेरियाचं उदाहरण ठेवलंत तर फरक ठसेल. तोही मोठा, काही सेंटिमीटर उंचीचा, छत्रीसारखा, पण त्याच्या वाढीच्या बहुतेक काळात केंद्रक एकच, आणि तेही खाली बुडाशी. जर्मन शास्त्रज्ञ योआखिम हेमरलिंग यांनी 1930 च्या दशकात एका जातीचा देठ दुसऱ्या जातीच्या केंद्रक असलेल्या बुडावर बसवला. नवी छत्री शेवटी बुडातल्या केंद्रकाच्या जातीची आली. डीएनएची रचना उलगडण्याच्या कितीतरी आधी, शरीराचा आकार केंद्रकातून ठरतो हे एका शैवालाने दाखवून दिलं होतं.

कॉलर्पा समजला की बाकीचे प्रकार पाठ करावे लागत नाहीत. विभाजनानंतर भिंत पडते की नाही, पडली तर पिल्लू पेशी एकमेकींना धरून राहतात की सुटतात, आणि धरून राहिल्या तर भिंत कोणत्या दिशेला पडते, एवढंच प्रत्येक वेळी विचारा. क्लॅमिडोमोनासच्या पिल्लू पेशी आईची भिंत फोडून दोन कशाभिका (पोहण्याचे चाबकासारखे धागे) हलवत निघून जातात, म्हणून तो एकेकटा. स्पायरोगायराच्या पेशी सुटत नाहीत आणि नेहमी एकाच दिशेला आडव्या विभागतात, म्हणून धागा, तोही बिनफांद्यांचा. मधूनच एखाद्या पेशीला बाजूला फुटवा आला की फांद्या येतात, क्लॅडोफोरा तसा. दोन दिशांनी विभाजन झालं की पापुद्रा आणि तिसऱ्या दिशेलाही झालं की जाडी. कातळावर ओहोटीत पसरलेल्या अल्वाचा तुकडा घेऊन छेद घ्या, बरोबर दोन पेशींची जाडी दिसेल. हेच दोन थर एकमेकांपासून सुटून मध्ये पोकळी झाली की नळी होते. त्या नळीवाल्यांना आम्ही एंटेरोमॉर्फा नावाने शिकलो. 2003 मध्ये जनुकांच्या पुराव्यावरून तो वेगळा वंश (जीनस) नाही असं ठरलं आणि त्यांची रवानगी अल्वातच झाली. पसरट की नळी, इतका ढळढळीत फरकसुद्धा वंश वेगळा मानायला पुरा पडला नाही.

इथून आपण तुमच्या पहिल्या प्रश्नावर आलोच. शरीराच्या ठेवणीवरून नातं सांगता येत नाही. ऑस्ट्रियन शैवालतज्ज्ञ ॲडॉल्फ पाशर यांनी 1914 च्या सुमारासच दाखवलं होतं, की शैवालांच्या वेगवेगळ्या गटांत तेच ते शरीरप्रकार समांतरपणे पुन्हा पुन्हा येतात. धागा हिरव्यांत आहे, तपकिऱ्यांत आहे, लालांत आहे, आणि केंद्रकच नसलेल्या नीलहरितांतही आहे. युलोथ्रिक्स आणि ट्रायबोनेमा हे दोन धागे डबक्यातून आणून शेजारी ठेवले तर नवखा माणूस फसतोच. आयोडीनचा थेंब सोडा. युलोथ्रिक्समध्ये स्टार्च असल्याने निळसर काळे ठिपके उमटतात, ट्रायबोनेमात नाहीत. ट्रायबोनेमाच्या भिंतीचे तुकडे इंग्रजी एच अक्षरासारखे असतात, तुटलेल्या टोकाशी ते स्पष्ट दिसतात. तो पीतहरित गटातला, म्हणजे नात्याने समुद्रातल्या तपकिरी शैवालांच्या बाजूचा. व्हाउचेरियाचंही तेच. आडव्या भिंती नसलेली हिरवी नळी म्हणून तो एके काळी कॉलर्पासारख्या नलिकामय हिरव्यांच्या पंगतीत बसवला होता. आता त्याला ट्रायबोनेमाच्या गटात ठेवतात. भिंतीशिवाय वाढण्याची युक्ती दोघांनी स्वतंत्रपणे काढलेली आहे.

तुम्ही म्हणाल, क्लॅमिडोमोनास ते व्हॉल्व्हॉक्स ही शिडी तर खरी आहे ना? गोनियमच्या 8 किंवा 16 पेशी, पँडोरिनाच्या 16, युडोरिनाच्या 32, प्लिओडोरिनात पुढच्या काही पेशी फक्त पोहण्यापुरत्या, आणि व्हॉल्व्हॉक्सच्या गोलात शेकडो-हजारो पेशी, त्यातल्या मोजक्याच पुनरुत्पादनाच्या. व्हॉल्व्हॉक्स कार्टेरीत साधारण 2000 पेशी पोहणाऱ्या आणि 16 च्या आसपास जननपेशी असतात; पोहणाऱ्या काही दिवसांत मरून जातात. वसाहतीतून शरीर कसं घडलं असेल हे पाहायला इतकं सुंदर उदाहरण दुसरं नाही, आणि मी ते नेहमीच शिकवलं. पण शिडी म्हणून नव्हे. आजचा युडोरिना आजच्या व्हॉल्व्हॉक्सचा पूर्वज नाही, दोघे भाऊबंद आहेत. शिवाय व्हॉल्व्हॉक्ससारखं शरीर या कुळात एकाहून जास्त वेळा तयार झालंय. तोच क्लॅमिडोमोनास डबकं आटू लागलं की कशाभिका टाकतो, बुळबुळीत आवरणात राहूनच विभागत जातो आणि पेशींचा पुंजका होतो. पाल्मेला अवस्था म्हणतात ती हीच. पाणी आलं की पुन्हा सुटे. एका पेशीच्या हाताशीही एकाहून जास्त रूपं असतात.

शिडीची कल्पना सर्वांत जोरात आपटते ती स्पायरोगायरावर. आधी गोड्या पाण्यातलं कारा हे शैवाल आठवा, पाहिलंत ना? पेरं, कांड्या, पेरांवर फांद्यांची वर्तुळं, अंडधानीभोवती (अंडपेशी जिथे असते त्या अवयवाभोवती) पेशींचं पिळदार आवरण. जमिनीवरच्या झाडांचा सर्वांत जवळचा नातलग कोण असं विचारलं तर कोणीही काराकडे बोट दाखवेल, आणि बराच काळ तज्ज्ञही दाखवत होते. जीनोम वाचले गेल्यावर कौल दुसरीकडे गेला. भातापासून वडापर्यंत सगळ्या भूवनस्पतींना सर्वांत जवळचा गट निघाला तो स्पायरोगायरा आणि डेस्मिड यांचा, म्हणजे साधे धागे आणि सुट्या पेशी. त्यांच्या पूर्वजांचं शरीर अधिक गुंतागुंतीचं असावं आणि पुढे ते साधं होत गेलं, असं आज बरेच जण मानतात. उत्क्रांती उतरतेही, हे शैवालांइतकं स्पष्ट फार कमी ठिकाणी दिसतं.

एका जातीचं शरीर तरी ठरलेलं असतं का? अल्वाला जिवाणूंपासून पूर्ण वेगळं करून वाढवलं तर पान होतच नाही, पेशींचा बेढब गोळा होतो. योग्य जिवाणू परत दिले की पान धरतं. 2005 मध्ये अशा जिवाणूंपासून थॅलुसिन नावाचं द्रव्य वेगळं केलं गेलं. अल्वाच्या नात्यातल्या मोनोस्ट्रोमाला पसरट करायला ते अगदी अत्यल्प प्रमाणात पुरतं. आणि पोर्फायराची गोष्ट तर प्रत्येक वर्गात सांगावी अशी. जपानी नोरीचं हे लाल शैवाल. पावसाळ्यात आपल्या कोकण-गोव्याच्या कातळांवरही त्याची एक जात येते, एका पेशीच्या जाडीचा जांभळट पापुद्रा. ऋतू सरला की ते नाहीसं व्हायचं आणि पुढचं पीक येतं कुठून हे जपानी शेतकऱ्यांना कळत नव्हतं. 1949 मध्ये ब्रिटिश संशोधक कॅथलीन ड्रू-बेकर यांनी दाखवलं, की शिंपल्यांच्या कवचात घुसून वाढणारे कॉन्कोसेलिस नावाचे सूक्ष्म लालसर धागे हे वेगळं शैवाल नसून पोर्फायराचीच दुसरी अवस्था आहे. जपानची आजची नोरी शेती या एका शोधावर उभी आहे. पुस्तकातल्या क्रमात पोर्फायरा "पसरट" खाली येतो. त्याच्या आयुष्याचा अर्धा भाग "तंतुमय" खाली घालावा लागेल.

मग नातं शोधायचं कुठे? पेशीच्या आत. हरितलवकाभोवती किती पापुद्रे आहेत, रंगद्रव्यं कोणती, साठवण कशाची आणि कुठे, कशाभिका किती आणि कशा. हिरव्या आणि लाल शैवालांत हरितलवकाला दोन पापुद्रे असतात. युग्लीना या पोहणाऱ्या एकपेशीय जीवात तीन, तपकिरी शैवालं आणि डायटम (सिलिकाच्या भिंतीची एकपेशीय शैवालं) यांच्यात चार. कारण युग्लीनाच्या पूर्वजाने एक हिरवं शैवाल गिळून आत ठेवून घेतलं आणि तपकिऱ्यांकडचं हरितलवक मुळात लाल शैवालाकडून आलेलं. गिळलेल्या पाहुण्याची आणि गिळणाऱ्याची आवरणं अजून मोजता येतात. हिरव्या शैवालांत स्टार्च हरितलवकाच्या आत साठतो, लालांत बाहेर पेशीद्रवात, आणि आयोडीनने तो काळानिळा न होता तांबूस होतो. तपकिऱ्यांत स्टार्च नाहीच, लॅमिनॅरिन आणि मॅनिटॉल. लाल शैवालांच्या कोणत्याच पेशीला, अगदी नर युग्मकालाही, कशाभिका नसते. नीलहरितांचा प्रश्नच वेगळा, त्यांच्यात ना केंद्रक ना लवक.

डायटमवर मात्र थोडं थांबतो. त्याची भिंत सिलिकाची आणि मिठाईच्या पुठ्ठ्याच्या डब्यासारखी, खाली तळ आणि वर त्याला झाकणारं झाकण. विभाजन झालं की एकीच्या वाट्याला जुनं झाकण येतं, दुसरीच्या वाट्याला जुना तळ, आणि दोघीही आपल्या वाट्याला आलेल्या भागाला झाकणच समजून आत बसेल असा नवा तळ घडवतात. परिणामी दुसरी पेशी आईपेक्षा किंचित लहान होते. पिढ्यान्‌पिढ्या सरासरी आकार घटत जातो. मग एका टप्प्यावर लैंगिक पुनरुत्पादनातून ऑक्झोस्पोर तयार होतो, तो कडक कवचाबाहेर फुगून पूर्ण मापाचा होतो आणि नवा डबा घडवतो. पेशीभित्तिकेच्या घडणीने जीवनचक्र बांधून टाकल्याचं याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही.

मोठ्या सागरी शैवालांबद्दल थोडक्यात, कारण परीक्षेत तिथे हमखास गोंधळ होतो. घरात चायना ग्रास म्हणून आणतो ते आगर ग्रॅसिलेरिया, जेलिडियम अशा लाल शैवालांचं. लाल शैवालांचं मांसल शरीर बहुतेक वेळा खऱ्या ऊतीचं नसतं. धागेच एकमेकांना चिकटून, गुंफून ते बनलेलं असतं, म्हणून ते आभासी मृदूतक (मृदूतक म्हणजे पेशी विभागून एकसंध झालेली मऊ ऊती). कोवळा शेंडा पाण्याच्या थेंबात दाबून पसरवलात तर पुष्कळदा धागे सुटे होताना दिसतात. सारगॅसममध्ये तसं होत नाही. त्यात पेशी तिन्ही दिशांनी विभागून खरं मृदूतक झालेलं असतं, शिवाय हवेच्या फुग्यांनी तो उभा तरंगतो. केल्प, म्हणजे प्रचंड वाढणारी तपकिरी शैवालं, आपल्याकडे वाढत नाहीत, त्यांना थंड पाणी लागतं; पण 45 मीटरच्या पुढे जाणाऱ्या मॅक्रोसिस्टिसमध्ये वरून खाली अन्न नेणाऱ्या चाळणीसारख्या पेशी आहेत, झाडांच्या फ्लोएमसारख्या (अन्न वाहणाऱ्या ऊतीसारख्या), आणि त्याही स्वतंत्रपणे घडलेल्या. दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रिओकॉकस. 1994 मध्ये फ्रान्सच्या ‘तो’ नावाच्या खाजणात सापडलेलं हे हिरवं शैवाल मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान, एक केंद्रक, एक हरितलवक, एक तंतुकणिका. तेवढ्यात सगळा संसार.

स्वतः पाहायला समुद्रच हवा असं नाही. पावसाळ्यानंतर डबक्यातला हिरवा गुंता उचला. बोटांना बुळबुळीत लागला तर बहुधा स्पायरोगायरा, खरखरीत लागला तर क्लॅडोफोरा. त्याच्यावर तो बुळबुळीत थर नसतो. कारा मिळाला तर कांडीची कोवळी, आवरण नसलेली पेशी शोधा, किंवा त्याच्या जवळच्या नात्यातला नायटेला घ्या, त्याला आवरणच नसतं. पेशीद्रव पट्ट्यासारखा एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली धावताना दिसेल, मिनिटाला काही मिलिमीटर. इटलीच्या बोनाव्हेंतुरा कोर्ती यांनी 1774 मध्ये हेच पाहिलं होतं. कोकणात जांभ्याच्या गडग्यावर किंवा झाडाच्या खोडावर नारिंगी मखमल दिसली तर ती खरवडून आणा. ती ट्रेंटेपोलिया, नारिंगी दिसली तरी हिरव्या शैवालांपैकी.

आणि कॉलर्पा आणायला गेलात तर आख्खा उपटू नका, काडीचा बोटभर तुकडा पुरतो, समुद्राच्याच पाण्यात ठेवून त्याच दिवशी छेद घ्या. काप फार पातळ करू नका. तुळया तुटून पाण्याबरोबर वाहून जातात आणि काचेवर नुसतं रिकामं कडं उरतं.